खोकल्याकडे रीतसर दुर्लक्ष

खोकला एकाला होतो आणि इलाज सगळ्यांना सुचतात, ही गोष्ट जगात सर्वत्र मान्य झालेली आहे. ताप आलेल्याला लोक एकटं सोडतात. पाय मोडलेल्याच्या प्लास्टरवर सही करून आपापल्या कामाला जातात. पण खोकणाऱ्या माणसाजवळून सल्ला न देता पुढे गेलेला मनुष्य अजून जन्माला यायचा आहे. त्यातून खोकणारं माणूस सहा वर्षांचं असेल तर सल्ला देणं हे नागरिकाचं कर्तव्यच ठरतं (आणि हे एकच कर्तव्य लोक वेळेवर बजावतात).

माझी भाची सहा वर्षांची. एका जागी म्हणून बसत नाही, त्यामुळे घरात तिचं नाव भिंगरी पडलं. सुट्टीत तिला सर्दी झाली. सर्दी यथावकाश गेली, खोकला मात्र पाहुणे विसरून गेलेल्या छत्रीसारखा घरात राहिला. न्यायला कोणी येईना. हा खोकला छातीतला नव्हता. मोठे साहेब बैठकीच्या खोलीत शिरण्याआधी दाराशी घसा साफ करतात, त्या जातीचा होता. खुं-खुं. कोणतंही वाक्य सुरू करण्याआधी ती तसं करायची, आणि भिंगरी दिवसभर बोलत असल्यामुळे दिवसभर खोकायची. झोपेत बोलत नव्हती, त्यामुळे झोपेत खोकतही नव्हती.

मी तिचा मामा. माझ्या घराची दुरुस्ती चालू असल्याने त्या काळात ताईकडे राहत होतो (दुरुस्ती अजून चालू आहे, हा विषय ताई काढत नाही, मीही काढत नाही). ताई ग्रंथपाल आहे. दाजी, म्हणजे तिचे यजमान, बल्बच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यात एकही अपघात झालेला नाही. जे झाले त्यांची नोंद ‘प्रसंग’ अशी आहे. घरातही जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि उठल्यावर खुर्ची टेबलाखाली सरकवावी लागते. चौथे सभासद दाजींचे वडील. ते फुटबॉलचे पंच होते. मैदान सुटलं, पण पिवळं कार्ड सदऱ्याच्या खिशात राहिलं. ताटात भाजी टाकली तर दाखवतात.

सुरुवातीला घराने सल्ल्यांच्या मार्गाने जायचं ठरवलं. वाफ दिली, गुळण्या करून घेतल्या, मध चाटवला. कोणी म्हणालं उशी बदला, कोणी म्हणालं उशी काढा. दाजींच्या कारखान्यातल्या एका फोरमनने मोज्यात कांदा घालून झोपवायला सांगितलं. त्यामुळे खोकला राहिला आणि शाळेत शेजारी बसणारी मुलगी दुसऱ्या बाकावर गेली. लोकमताचा अंदाज घ्यायचा तर, शंभरातले चाळीस लोक ‘पोट साफ नसेल’ असं म्हणतात, चाळीस ‘नजर मोबाइलमुळे खराब झाली असेल’ असं म्हणतात (खोकला आणि नजर यांचा संबंध विचारल्यास रागावतात), आणि उरलेले वीस ‘आमच्याकडे पण होतं असंच’ म्हणून स्वतःचं सुरू करतात.

खरी अडचण ग्रंथालयात झाली. शाळा सुटल्यावर भिंगरी संध्याकाळपर्यंत ताईजवळ वाचनकक्षात बसे. ‘कृपया शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली ग्रंथपालांची मुलगी खोकते, हे दृश्य वाचकांना शोभेसं वाटेना. तिथे एक निवृत्त न्यायाधीश रोज येत. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "बाई, एक तर ही पाटी काढा, नाही तर ही मुलगी. दोन्ही एका भिंतीला चालणार नाही."

मग डॉक्टर. बालरोगतज्ज्ञ बाई शांत होत्या. छातीचा फोटो पाहिला, घसा पाहिला, भिंगरीला भिंतीवरच्या चित्रातल्या खारीविषयी विचारलं, भिंगरीने खुं-खुं करून खारीविषयी सगळं सांगितलं. ते संपायची बाईंनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "फुप्फुसं एकदम स्वच्छ आहेत. हा सवयीचा खोकला. औषध नको. खोकल्याकडे दुर्लक्ष करा."

दाजी तत्काळ उठले. सूचना मिळाली की अंमलबजावणी, हा त्यांचा खाक्या. ते खुर्ची टेबलाखाली सरकवत असताना बाई पुढे म्हणाल्या, "मुलीकडे नका करू." पण खुर्चीला चाकं नव्हती आणि फरशी गुळगुळीत नव्हती, त्यामुळे हे दुसरं वाक्य खरखराटात गेलं.

दुर्लक्ष ही सोपी गोष्ट आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. दुर्लक्ष सोपं असतं ते ज्याच्याकडे आपल्याला पाहायचंच नसतं त्याच्याकडे. आपल्याच पोरीच्या खोकल्याकडे दुर्लक्ष करायचं तर अंगात शिस्त लागते आणि मागे यंत्रणा लागते. दाजींनी ती उभी केली. त्याच संध्याकाळी त्यांनी सर्वांना बसवून धोरण समजावलं. खोकला आला की घरातल्या प्रत्येकाने नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे न्यावी. चालू संभाषण असेल तर ते चालू ठेवावं, नसेल तर वेळ सांगावी. पाण्याच्या भांड्याकडे हात जाता कामा नये. भुवया हलता कामा नयेत. थोडक्यात, डोळ्यात तेल घालून दुर्लक्ष करायचं.

"आणि कोणी पाहिलंच तर?" ताईने विचारलं.

आजोबांनी खिशावर हात ठेवला. एवढ्या वर्षांनी त्यांना कोणीतरी सामना दिला होता.

दुसऱ्या दिवशी भिंगरी शाळेत असताना रंगीत तालीम झाली. दाजींच्या कारखान्यात आगीची तालीम होते तशीच. फक्त तिथे धूर असतो, इथे मी होतो.

"खोक," दाजी मला म्हणाले.

मी खोकलो.

"हा तुझा झाला. तिचा काढ."

मी खुं-खुं केलं. दाजींनी घड्याळाकडे पाहून "अकरा वाजले" असं सांगितलं. आजोबांनी पाहिलं. ताईने पाहिलं, पण तिचा उजवा हात तेवढ्यात माझ्या पाठीवर येऊन पडला होता. आजोबांनी पिवळं कार्ड दाखवलं.

"सूनबाई, फाउल."

"मी मुद्दाम नाही केलं," ताई म्हणाली. "हात आपोआप जातो."

"मैदानात सगळे हेच सांगतात," आजोबा म्हणाले.

तेव्हापासून भिंगरी खोकली की ताई उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवायची. पाहणाऱ्याला वाटावं, बाई कुठल्या तरी प्रार्थनेला उभी आहे.

सरावाने काय होत नाही. पहिल्या काही दिवसांत घड्याळाकडे पाहताना आमच्या माना अवघडल्या, मग सैल झाल्या. मग अशी वेळ आली की खोकला ऐकूच येईना. दाजींनी धोरणाचा विस्तार केला. वरच्या मजल्यावरचं जोडपं, शाळेच्या बसचे चालक, केस कापणारा, खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य, सगळ्यांना थोडक्यात प्रशिक्षण मिळालं. ज्याच्याजवळ भिंतीवर घड्याळ नसेल त्याने मनगटावरचं पाहावं, अशी सवलत होती. दंतवैद्य तर इतके तरबेज झाले की त्यांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेले रोगी खोकले तरी ते मनगट बघायला लागले.

मात्र कानाचा एक स्वभाव असतो. त्याला एकदा दार लावायला शिकवलं की तो कडीही घालून घेतो. खुं-खुं ऐकू येईनासं झालं, तसं त्याच्या मागोमाग येणारं वाक्यही ऐकू येईनासं झालं. आणि भिंगरीचं प्रत्येक वाक्य खुं-खुंच्या मागोमागच येत होतं.

"खुं-खुं. आई, उद्या पुठ्ठा न्यायचाय."

"साडेसात झाले," ताई म्हणायची, हात धरून.

"खुं-खुं. बाबा, माझा दात हलतोय. बघा ना, असा."

"सात बत्तीस," दाजी सांगायचे.

दात पडला. तो कुठे पडला, कधी पडला, हे घरात कोणालाच सांगता आलं नाही. मोकळी जागा दिसली तेव्हा तो प्रसंग होऊन गेला होता. शाळेत मुलांना ‘माझं कुटुंब’ असं चित्र काढायला सांगितलं. भिंगरीने आम्हा चौघांना एका ओळीत उभं केलं, सगळ्यांच्या हनुवट्या वर. वर्गाच्या बाईंना चित्र आवडलं. कुटुंबाची उच्च ध्येयं मुलीने छान दाखवली आहेत असा शेरा देऊन त्यांनी ते फळ्याशेजारी लावलं. दाजींना अभिमान वाटला.

मग एका रविवारी दुपारी कपडे धुण्याच्या यंत्राची नळी निसटली.

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आजोबा सामना पाहत होते, मी आजोबांना पाहत होतो, दाजी आणि ताई शेंगा सोलत होते. भिंगरी आतून आली.

"खुं-खुं. पाणी आलंय."

चौघांनी घड्याळाकडे पाहिलं.

"खुं-खुं. आई, न्हाणीघरातून पाणी येतंय. खूप."

"दोन वाजून पाच," आजोबा म्हणाले.

पाणी आलं. आधी गालिच्याची कड काळी झाली, मग आजोबांची एक चप्पल जागची हलली आणि सावकाश सोफ्याकडे निघाली. हे सगळ्यांना दिसलं. मी दाजींकडे वाकून म्हणालो, "पाणी आलंय."

"मला दिसतंय," दाजी ओठ न हलवता म्हणाले. "पण आत्ता उठलो तर तिला वाटेल, खोकल्यामुळे उठलो."

"मग उठायचं कधी?"

"मधे थोडा वेळ जाऊ दे. संबंध तुटला पाहिजे."

हा विचार तर्काला धरून होता, त्यामुळे आम्ही बसून राहिलो. पाणी पायाच्या घोट्याला लागलं तरी ताईने फक्त शेंगांची परात मांडीवर घेतली. तिचा उजवा हात डाव्या हातात होता, त्यामुळे सोलणं बंद होतं. तिच्या डोळ्यातही पाणी होतं, पण त्या वातावरणात ते वेगळं काढता येत नव्हतं.

दार वाजलं. भिंगरीने उघडलं. बाहेर खालचे दंतवैद्य उभे होते. डोक्यावरून, नाकावरून पाणी टपकत होतं, कारण त्यांचं छत म्हणजे आमची फरशी.

"खुं-खुं. काका, पाणी—"

दंतवैद्यांनी मनगट वर केलं आणि घड्याळाकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. त्यात पाणी गेलं होतं, त्यामुळे वेळ सांगता येईना. पण ते पाहत राहिले.

भिंगरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग काही न बोलता आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला, नळ बंद झाल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने पायातले ओले मोजे काढले, पिळले आणि खिडकीत वाळत घातले.

त्यानंतर ती घरात खोकली नाही.

सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आठवडा झाला, नाही. दाजींनी कारखान्यातल्या सूचनाफलकावर हा अनुभव (नावं वगळून) लावला. चार खात्यांतून चौकशी आली. आजोबांनी एकदाच शिट्टी वाजवून सामना संपल्याचं जाहीर केलं. वरचं जोडपं अभिनंदनाला आलं. दंतवैद्यही आले, छताचं न बोलता गेले. घर शांत होतं. भिंगरी यायची, जेवायची, ताट उचलून ठेवायची, खुर्ची टेबलाखाली सरकवायची. इतकी शांत मुलगी दाजींनी आयुष्यात पाहिली नव्हती (त्यांना एकच मुलगी आहे).

खोकला बंद झाला, कारण बोलणं बंद झालं. हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. लक्ष ही वस्तू त्या घरातून आम्ही हद्दपार केली होती.

ताईच्या मात्र ते ग्रंथालयात कानावर पडलं. एके दिवशी ती मागच्या कपाटात परत आलेली पुस्तकं लावत होती. पलीकडून आवाज आला. खुं-खुं. तिने सवयीने मान वर केली. पण मागच्या भिंतीला घड्याळ नाही, पाल आहे. पालीकडे पाहण्याविषयी धोरणात काही नव्हतं. त्यामुळे ताईला पुढचं ऐकू आलं.

"खोकून झालं असेल तर बोल," निवृत्त न्यायाधीश त्रासलेल्या आवाजात म्हणत होते. "काल पुठ्ठ्यापर्यंत आलो होतो आपण."

"खुं-खुं. पुठ्ठा नव्हता म्हणून बाईंनी मला दुसऱ्या गटात बसवलं."

"हरकत घेतलीस का?"

"नाही."

"घ्यायला हवी होती. पुढे."

ताईने पुस्तकांच्या फटीतून पाहिलं. भिंगरी खिडकीजवळच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसली होती. साऱ्या गावात प्रशिक्षण न मिळालेला हा एकच मनुष्य उरला होता. दर खोकल्याला त्याच्या कपाळावर आठी पडत होती, तो नाक फेंदारत होता, चष्मा काढून पुन्हा घालत होता. आणि मग पुढचं वाक्य पूर्ण ऐकून घेत होता. दाताचं झालं. नळीचं झालं. मग भिंगरीने बरंच काही सांगितलं. ताई अर्धा तास कपाटामागे उभी होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते.

न्यायाधीश जाताना तिच्या टेबलाशी थांबले. "तुमची मुलगी फार बोलते. आणि मधे मधे खोकते. दोन्ही बंद करा नाही तर दोन्ही चालू ठेवा. अर्धवट निकाल मला खपत नाही."

ताईने तडक डॉक्टरांना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी दोन वाक्यं सांगितली होती."

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर ताई म्हणाली, "भिंगे, पुठ्ठा आणलाय. केवढा लागतो तुला?"

भिंगरीने आधी घड्याळाकडे पाहिलं. मग आईकडे. आई तिच्याकडेच पाहत होती.

"खुं-खुं," भिंगरी म्हणाली. "एवढा."

ताईचा हात तिच्या पाठीवर गेला. आजोबांचा हात खिशाकडे गेला आणि कार्ड बाहेर आलं.

"दाखवा," ताई म्हणाली. "लाल असेल तर तेही दाखवा. मी मैदानाबाहेर जाते, पोरीला घेऊन जाते."

आजोबांनी कार्डाकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर दिलेला एकही निर्णय मागे घेतला नव्हता. त्यांनी कार्डाने वारा घेतला, उकडतंय म्हणाले आणि ते पुन्हा खिशात ठेवलं. दाजींनी घसा साफ करून, धोरणाचा फेरविचार करता येईल असं सांगितलं. ते घड्याळाकडे पाहून सांगितलं.

कारण तेवढं मात्र राहिलं. दाजींची मान आता त्यांच्या ताब्यात नाही. समोरच्याने जरा घसा खाकरला की ती वर जाते. कारखान्यात एका कामगाराने खाकरून "साहेब, धूर येतोय" असं सांगितलं, तेव्हा दाजींनी त्याला वेळ सांगितली. (प्रसंग किरकोळ होता.) शेवटी ताईने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. बाई म्हणाल्या, सवय आहे, दुर्लक्ष करा. भिंगरी सोबत होती. ती हे काम फार सहज करते. बाबांची मान वर गेली की ती बोलणं थांबवत नाही, त्यांच्या हनुवटीशी बोलत राहते. मान खाली आली की डोळ्यांशी बोलते. तिला तालीम लागली नाही.

ही हकीकत मी पुष्कळ लोकांना सांगितली आहे. सगळे मन लावून ऐकतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात. तुमचाही तोच असणार, म्हणून उत्तर देऊन टाकतो. होय, खोकला गेला. हळूहळू कमी झाला आणि गेला. आता मुळीच नाही. झालं समाधान? ग्रंथालयातल्या त्या अर्ध्या तासात भिंगरी त्या म्हाताऱ्याला आणखी काय काय सांगत होती, हे आजवर एकाही श्रोत्याने विचारलेलं नाही. तुम्हीही वाचून पुढे आलात. बरोबरच आहे, महत्त्वाचं ते कळलं तुम्हाला.